कठड्यावरच्या माणसाशी बोलायचं कसं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ फायरमन आहे. मागे पंचवटीत एक पोरगा गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसलेला, खाली ही गर्दी, सगळ्यांचे मोबाईल वर, आणि भाऊ म्हणतो आग विझवायला शिकवलं पण अशा माणसाशी काय बोलायचं ते कुणी सांगितलंच नाही. असं ट्रेनिंग असतं का?
– एक ताई, नाशिक

उत्तर: असतं ना ताई. एकाने कठड्यावरचा व्हायचं, दुसऱ्याने बोलायचं, अशी प्रॅक्टिस करून घेतात (पहिल्यांदा सगळे हसतात, मग नाही हसत). सायरन बंद, गर्दी मागे, बोलणारा एकच. हळू आवाजात आपलं नाव सांगायचं, त्याचं विचारायचं आणि मग ऐकायचं. ‘आईबापाचा तरी विचार कर रे’ हे आपल्या तोंडून पटकन निघतं, तेच गिळायचं, त्याला आधीच सगळ्यांवर ओझं झाल्यासारखं वाटत असतं. जीव द्यायचा विचार येतोय का, असं सरळ विचारलं तरी चालतं, त्याने तो विचार डोक्यात भरत नाही. आणि दमदाटी तर नकोच, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ११५ सुद्धा अशा माणसाला प्रचंड तणावाखालचाच धरतं. खाली आला की एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि भावाला रात्री झोप लागत नसेल तर त्यानेही लावावा.