दोन झिपमधला फरक एकेक फाइल न उघडता कसा शोधायचा

तुमची अडचण मला समजली ती अशी: टॉवेलच्या डिझाइनची एक झिप ऑफिसच्या पीसीवर आहे, दुसरी पेनड्राइव्हवर. दोन्हींत चौदाशेच्या आसपास बीएमपी, म्हणजे चित्रांच्या फायली. एसएचए (फाइलच्या सगळ्या बाइटवरून काढलेला ठसा) जुळत नाही, आकारात थोडासाच फरक. कुठली ठेवायची आणि त्यासाठी सगळ्या फायली उघडून बघाव्या लागतील का?

नाही लागणार. पण उत्तर मिळेपर्यंत दोन्हींतली एकही झिप उडवू नका, एवढं माझं ऐका.

अख्ख्या झिपचा एसएचए-२५६ जुळला असता तर विषय तिथंच संपला असता. जुळला नाही, यावरून मात्र आतला माल वेगळा आहे असं ठरत नाही. तेच फोल्डर आज ७-झिप या प्रोग्रॅमने आणि उद्या विंडोजच्या उजव्या क्लिकने झिप केलं, तरी फायलींचा क्रम, दाबण्याची (आकार कमी करण्याची) पातळी, वेळेची नोंद यांतलं काहीतरी बदलतं आणि एसएचए पार वेगळा येतो.

बघायचा तो सीआरसी-३२, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला छोटा तपासणीचा आकडा. झिप बनताना प्रत्येक फाइलचा सीआरसी काढला जातो, तोही दाबण्याआधीच्या मूळ मजकुरावरून, आणि झिपच्या शेवटी असलेल्या यादीत नाव आणि आकारासोबत तो लिहिला जातो. म्हणजे काहीही बाहेर न काढता, फक्त यादी वाचून तुलना होते. ७-झिपमध्ये झिप उघडली की सीआरसीचा रकाना दिसतो. लिनक्सवर अनझिप या आदेशाला डॅश व्ही (-v) लावा. तिथं झिपसीएमपी म्हणून छोटं टूलही मिळतं. दोन झिप दिल्या की नाव, आकार, सीआरसी ताडून फक्त फरकाच्या ओळी दाखवतं. तुमच्या कामाला तेच सगळ्यात सरळ.

केवळ आकारावर का विसंबायचं नाही, ते सांगतो, कारण डिझाइनच्या फायलींत हाच घात होतो. साधी बीएमपी दाबलेली नसते. ४८० बाय ६०० ची, २५६ रंगांची फाइल घ्या: २,८८,००० बाइट चित्राचे, १,०७८ शीर्षक आणि रंगतक्त्याचे, एकूण २,८९,०७८. आत मोर काढा, कमळ काढा, नाहीतर कोरी ठेवा, आकार तोच. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. डिझायनरने मोराच्या मानेतले तुटलेले आठ-दहा चौकोन दुरुस्त केले होते. नाव तेच, आकार तोच, म्हणून "दोन्ही सारख्याच" असं समजून दुरुस्त केलेली झिप काढून टाकली गेली. पुढचा लॉट जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) चढला, आणि मान तुटलेले मोर टॉवेलवर उतरले तेव्हा सगळ्यांना कळलं. सूत गेलं, मजुरी गेली, ऑर्डरची तारीखही गेली. सीआरसीचा रकाना पाहायला दोन मिनिटं लागली असती.

दोन्ही याद्या एक्सेलमध्ये घेऊन ताडणार असाल तर आधी सीआरसीचा रकाना टेक्स्ट करून घ्या. 30714E20 यासारखा सीआरसी आला की एक्सेल त्याला घातांकाची संख्या समजतो, आणि सुरुवातीचं शून्य तर गुपचूप खातो. मग नसलेले फरक दिसतात. शिवाय एका झिपमध्ये वरचं फोल्डर असेल आणि दुसरीत नसेल, तर एकही नाव जुळणार नाही. यादीतल्या नावांपुढचा तो फोल्डरचा भाग आधी काढून टाका.

वेळेवरून नवी-जुनी ठरवू नका. झिपची रचना १९८९ची, डॉसच्या काळातली. तिच्या मूळ नोंदीत वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि कुठल्या देशातली हे न सांगता लिहिली जाते. क्लाउडवरून उतरवलेल्या झिपमध्ये बरोबर साडेपाच तासांचा, म्हणजे भारताच्या आणि जागतिक वेळेतला फरक दिसला तर तो बहुधा याचाच.

नावं मराठीत असतील तर अजून एक. जुन्या टूलने बनवलेल्या झिपमध्ये देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. तिथं नाव सोडा, आकार आणि सीआरसीवरून जोड्या लावा.

दरपत्रकाच्या एक्सएलएसएक्स फायली आत असतील तर त्यांचा सीआरसी वेगळा आला म्हणून घाबरू नका. ती फाइल स्वतःच एक झिप असते. नुसती उघडून सेव्ह केली तरी आतले बाइट बदलू शकतात. झिपच्या आत झिप असेल तरी हाच प्रकार. अशा वेळी डिफोस्कोप वापरा. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात, एकाच कोडमधून दरवेळी तंतोतंत तोच प्रोग्रॅम बनावा यासाठीच्या (रिप्रोड्युसिबल बिल्ड्स) कामातून आलेलं हे टूल थरामागून थर उघडत थेट मजकुरापर्यंत जातं. टार-जीझेड या दुसऱ्या प्रकारच्या गठ्ठा-फाइलला मात्र वरची यादीची युक्ती चालत नाही, कारण टारमध्ये प्रत्येक फाइलच्या मजकुराचा सीआरसी नसतो. ते बाहेर काढूनच ताडावं लागतं.

वेगळ्या निघालेल्या बीएमपी विनमर्ज या तुलनेच्या प्रोग्रॅममध्ये शेजारीशेजारी उघडा. फुकट आहे आणि दोन चित्रांतला बदललेला भाग रंगवून दाखवतं. बियाँड कंपेअरही उत्तम, पण विकतचं, आणि एवढ्या कामासाठी घ्यायची गरज नाही.

अपघाताने दोन वेगळ्या फायलींचा सीआरसी एकच येण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक, त्यामुळे तुमच्या कामाला तो पुरेसा आहे. कोणी मुद्दाम फेरफार केल्याचा संशय असेल तरच फायली बाहेर काढून प्रत्येकीचा एसएचए-२५६ काढा.

शेवटी दोन्ही झिपवर ७-झिपचं टेस्ट बटण दाबा; पेनड्राइव्ह खराब होत असेल तर तिथं चूक दिसेल. मग फरक निघालेल्या फायली घेऊन डिझायनरकडे बसा आणि कुठली दुरुस्त केलेली ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. त्यावरून एक नवी झिप बनवा, आणि तिच्यातलं एक डिझाइन मागावर हातभर विणून बघितल्यावरच जुन्या दोन काढा.