दरवर्षी ५ टक्के पगारवाढ मिळूनही हाती काही उरत नसेल, तर ती वाढ न्याय्य म्हणावी का?

तुम्ही लिहिले आहे की तुमचा पगार ३०,००० रुपये असून कंपनी दरवर्षी ५ टक्के वाढ देते, आणि जास्त मागितल्यास ‘महागाईही तेवढीच आहे’ असे ऐकवले जाते. कारखान्यात पगारपत्रके तयार करण्याचे काम करत असल्याने हे उत्तर माझ्या परिचयाचे आहे आणि ते मला अन्यायकारक वाटते. महागाईएवढी वाढ ही केवळ भरपाई असते. तुमचा वाढलेला अनुभव आणि अंगावर पडलेले जादा काम यांचा मोबदला तीत धरलेलाच नसतो.

ती भरपाई तरी पुरी पडते का, हे घरखर्चावरून ताडून पाहा. समजा, भाडे, किराणा, मुलांची फी आणि पेट्रोल मिळून महिन्याला २६,००० रुपये जात होते आणि हा खर्च वर्षभरात ८ टक्क्यांनी वाढला. पगार ३१,५०० झाला, खर्च २८,०८० झाला आणि पूर्वी ४,००० रुपये शिल्लक राहत होते, तिथे आता ३,४२० राहतात. देशाच्या सरासरी महागाईच्या आकड्यात तुमच्या घरमालकाने वाढवलेले भाडे वेगळे दिसत नाही.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार जानेवारी आणि जुलैपासून सुधारला जातो, आणि वार्षिक वेतनवाढ त्याखेरीज मिळते. महाराष्ट्रात किमान वेतनावरील विशेष भत्ताही दर सहा महिन्यांनी बदलतो. खासगी नोकरीत पगार त्या पातळीच्या वर गेला की त्याची महागाईशी अशी जोडणी आपोआप होत नाही. जिथे संघटना मजबूत आहे तिथे ती वेतन करारात लिहून घेतली जाते, इतरांना एकेकट्याने मागावी लागते.

म्हणून मागणी लेखी करा आणि तिचे दोन भाग ठेवा: महागाईपोटी किती आणि कामापोटी किती. वाढीतील किती रक्कम मूळ वेतनात जाणार, हेही विचारा, कारण ग्रॅच्युइटीचा हिशेब प्रामुख्याने मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर होतो. वाढ एप्रिलपासून लागू होत असेल, तर हे पत्र जानेवारीतच द्या. विभागाची पगारवाढीची तरतूद एकदा मंजूर झाली की तुमच्या वरिष्ठांची इच्छा असली, तरी त्यांच्या हाती फारसे काही राहत नाही.