मोसासॉरच्या टाळूवरचे दात

प्रश्न : मॅडम, माझी आठ वर्षांची लेक मोसासॉरचं चित्र दाखवून म्हणाली, "बाबा, हा पाण्यातला डायनोसॉर ना?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. ते बरोबर आहे का? शिवाय चित्रात त्याच्या टाळूलाही दात काढलेत. ते खरे, की चित्रकाराच्या मनातले?

उत्तर : दात खरे आहेत, तुमचं 'हो' मात्र चुकलं. मोसासॉर सरड्या-सापांच्या कुळातला. डायनोसॉरांच्या जवळचे म्हणायचे तर मगरी आणि पक्षी. लेकीला सांगा, घोरपड डोळ्यांसमोर आण, तिच्या पायांची वल्ही कर आणि तिला बारा मीटरच्या आसपास लांब ओढ. मोठ्या जातीचा मोसासॉर साधारण तसा होता. शेपटीच्या टोकाला शार्कसारखा पर होता, पण शार्कच्या पराचा वरचा भाग मोठा असतो आणि याचा खालचा.

आता टाळू. मी बरीच वर्षं सरपटणाऱ्या प्राण्यांची शरीररचना शिकवते. पहिल्या तासाला फार बोलत नाही, अजगराची एक कवटी वर्गात फिरवते. कवटी उलटी धरली की वरच्या जबड्याच्या कडेला दातांची एक रांग दिसते आणि आत, टाळूवर, दोन्ही बाजूंना आणखी एकेक रांग. त्या आतल्या रांगेवरून बोट घशाच्या दिशेनं फिरवलं तर सहज सरकतं. तेच बोट बाहेर ओढायला जा, दातांची टोकं लगेच कातडीत अडकतात. मुलं हात झटकन मागे घेतात, आणि पुढचं मला फारसं सांगावंच लागत नाही. अजगराच्या तोंडात गेलेल्या प्राण्याला परतीची वाट नसते.

मोसासॉरच्या टाळूवर असेच मागे वळलेले दात होते. खालच्या जबड्यातही प्रत्येक बाजूला मधोमध एक जादा सांधा होता, घोरपडीला असतो तसा. बहुतेक जातींचे दात चावण्याचे नव्हतेच. पुढच्या दातांनी भक्ष्य पकडायचं, टाळूच्या दातांनी धरून ठेवायचं, जबडा थोडा पुढे सरकवायचा, पुन्हा धरायचं. असं करत अख्खं भक्ष्य घशात. अमेरिकेत साउथ डकोटात टायलोसॉरस या मोसासॉरचा सांगाडा सापडला. त्याच्या पोटाच्या जागी मासा, शार्क, न उडणारा पाणपक्षी आणि चक्क एक लहान मोसासॉर, इतक्यांची हाडं होती.

आणि चुकल्याचं वाईट वाटून घेऊ नका. अठराव्या शतकात नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टजवळच्या चुनखडीच्या खाणीत मोसासॉरची प्रचंड कवटी निघाली, तेव्हा कोणी तिला मगर म्हणालं, तर पेत्रुस काम्पर या नामवंत शरीरशास्त्रज्ञानं ती देवमाशाची ठरवली. घोरपडीशी नातं ओळखलं ते त्याच्याच मुलानं, आद्रियान काम्परनं. पुढे पॅरिसच्या कुव्हिए या जीवाश्मतज्ज्ञानं मुलाच्या बाजूनं कौल दिला. ती कवटी फ्रेंच सैन्यानं पॅरिसला नेली होती, आजही ती तिथेच आहे. मोसासॉरस हे नाव १८२२ मधलं, मास्ट्रिख्टवरून वाहणाऱ्या म्यूज नदीच्या लॅटिन नावावरून घेतलेलं.

प्रश्न : हे प्राणी अंडी घालायला कासवांसारखे किनाऱ्यावर येत असतील का?

उत्तर : नाही. ते पाण्यातच पिलांना जन्म देत. मोसासॉरांच्या सुरुवातीच्या नातलगांपैकी कार्सोसॉरसच्या एका जीवाश्मात पोटातली पिलं दिसतात. इक्थिओसॉर या माशासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तर अशा कितीतरी माद्या जर्मनीत होल्त्समाडेनला मिळाल्या आहेत. श्वासाला मात्र सगळ्यांनाच पृष्ठभागावर यावं लागे. काही मोसासॉरांच्या मणक्यांत मेलेल्या हाडाचे पट्टे सापडले आहेत. खोलवरून घाईनं वर येणाऱ्या पाणबुड्यांची हाडंही अशीच झिजतात, कारण रक्तात वायूचे बुडबुडे होऊन हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचं दुखणं असं हाडात वाचता येतं, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

प्रश्न : मी नववीत आहे. प्लायोसॉर आणि मोसासॉर यांची लढाई झाली असती तर कोण जिंकलं असतं?

उत्तर : तुझ्या मनात जे दोन राक्षस आहेत, त्यांची गाठच पडली नाही रे. प्लायोसॉर, म्हणजे आखूड मानेचे, मोठ्या डोक्याचे समुद्री सरपटणारे प्राणी, साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी संपले. मोसासॉर तेव्हा नुकते कुठे समुद्रात रुळत होते. ते अवाढव्य झाले त्यानंतर, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉरांबरोबरच गेले. पण प्लायोसॉरचा जबडा बघायचाच असेल, तर इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या किमरिज किनाऱ्यावरच्या कड्यातून २०२२ साली सापडलेल्या कवटीचे फोटो शोध. ती दोन मीटर लांब आहे, दात १३०. दातांच्या मागच्या बाजूला बारीक उभ्या रेषा आहेत, त्या मोठं करून बघ. मांसात रुतलेला दात पटकन मोकळा व्हावा आणि पुढचा चावा घेता यावा, यासाठी त्या असाव्यात असं अभ्यासक मानतात.