जळगाव ते लंडन किती अंतर आणि विमानाला किती तास लागतात?

भाऊ, जळगावहून लंडनला डायरेक्ट विमान नाही, आधी मुंबई गाठावी लागते, रेल्वेने साधारण 420 किमी म्हणजे सात-एक तास धरा, ठाण्याला नाहीतर दादरला उतरून टॅक्सी करायची. मुंबई ते लंडन हवाई अंतर अंदाजे 7200 किमी, डायरेक्ट फ्लाईटला साडेनऊ-दहा तास लागतात, पण येताना तासभर तरी कमी लागतो कारण वर दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वारा वाहतो, जाताना तो समोरून येतो आणि येताना मागून ढकलतो. समोरच्या स्क्रीनवर वाऱ्याचा वेग दिसतो, नक्की बघा, मस्त वाटतं.

आणि घड्याळाचं ध्यानात ठेवा, लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार, म्हणून तिकिटावर प्रवास पाच तासांचाच दिसतो, कारण पोचायची वेळ तिथल्या टायमाने लिहिलेली असते.

माझी आई पहिल्यांदा गेली तेव्हा आम्ही आदल्या रात्रीच्याच गाडीने निघालो, गाडी लेट झाली तरी टेन्शन नको, तुम्हीपण तसंच करा. काळा मसाला मात्र चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.