हार्ड रॉक कॅफे आणि हाऊस ऑफ ब्लूज हे दोन्ही एकाच माणसाने काढलेत का?

हो, दोन्हींच्या मागे आयझॅक टिग्रेट हाच माणूस आहे, पण एकट्याने मात्र त्याने दोन्हीपैकी काहीच काढलेलं नाही. हार्ड रॉक कॅफे 1971 मध्ये लंडनला सुरू झालं तेव्हा पीटर मॉर्टन बरोबरीचा पार्टनर होता, आणि हाऊस ऑफ ब्लूज 1992 मध्ये अमेरिकेत केंब्रिजला उघडलं तेव्हा सोबत अभिनेता डॅन अॅक्रॉइड होता. दोन्ही कंपन्यांच्या सुरुवातीचा इतिहास उघडपणे छापून आलेला आहे, त्यामुळे यात अंदाज काही नाही. लोक दोन्ही धंदे एकसारखे समजतात तिथे मात्र चुकतात, कारण हार्ड रॉक हे मुळात बर्गर खायचं हॉटेल, गिटारवादक एरिक क्लॅप्टनची गिटार भिंतीवर लागली आणि त्यानंतर संगीतकारांच्या वस्तू जमवायची प्रथा पडली, म्हणजे संगीत तिथे जास्त करून भिंतीवर, आणि हाऊस ऑफ ब्लूजमध्ये स्टेज हाच मुख्य धंदा, जेवण त्याच्या जोडीला. मला हाऊस ऑफ ब्लूजची कल्पना जास्त हुशारीची वाटते, कारण तिकिटाची कमाई फक्त शोच्या रात्री होते, किचन आणि बार असला तर बाकीच्या वेळीही गल्ला चालू राहतो. हार्ड रॉकमधला हिस्सा विकून आलेल्या पैशातून टिग्रेटने पुट्टपर्तीच्या सत्य साईबाबांच्या हॉस्पिटलला देणगी दिली, हेही खरं आहे. फक्त आजच्या मालकीशी त्याचं नाव जोडू नका, हाऊस ऑफ ब्लूज 2006 मध्येच लाइव्ह नेशन या कॉन्सर्ट भरवणाऱ्या कंपनीने घेतलं.