जिस्टची गाठ चार वर्षांनी परत आलीये, वडिलांना दुसरं ऑपरेशन झेपेल का?

मी डॉक्टर नाही, पण आमच्या आईचं सेम झालं म्हणून लिहितोय. तुमच्या वडिलांसारखीच तिची पण लहान आतड्यातली जिस्ट, म्हणजे पोट-आतड्याच्या भिंतीत होणारी कॅन्सरची गाठ, पहिलं ऑपरेशन इथंच सोलापुरात झालं, आठव्या दिवशी घरी. गाठ मोठी होती म्हणून इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅमची गोळी (जिस्टवरचं कॅन्सरचं औषध) रोज, ३ वर्षं घ्यायला सांगितलेली. आणि आम्ही शहाण्यांनी दीड वर्षात बंद केली. स्कॅन क्लिअर होता, डोळे सुजायचे, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे, आई म्हणाली बास की आता, आम्ही पण मान डोलावली.

मग एका जानेवारीत, गड्ड्याची जत्रा चालू होती, जरा चाललं की तिला दम लागायला लागला, संडास काळी व्हायची ते तिनं सांगितलंच नव्हतं, हिमोग्लोबिन ७. सीटीत पोटाच्या पडद्यावर दोन गाठी. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्री निघून परळला टाटाला दाखवलं. तिथं लगेच चाकू नाही लावला, आधी गोळी परत चालू, सहा महिन्यांनी गाठी आक्रसल्या तेव्हा ऑपरेशनचं बोलले. म्हणून तुम्ही पहिलं हेच विचारा की आधी गोळी देऊन बघायची का. आणि जुन्या ऑपरेशनचा ब्लॉक (गाठीचा जपून ठेवलेला तुकडा) लॅबमधून काढून म्युटेशन टेस्ट, म्हणजे गाठीच्या जीन्समधला बदल बघायची तपासणी, झालीये का ते पण, कारण केआयटी नावाच्या जीनच्या एक्सॉन ९ या भागात बदल निघाला तर डोस ८०० पर्यंत नेतात आणि एका प्रकारात तर ही गोळी चालतच नाही.

ऑपरेशन पुढं आमच्या सोयीनं दुसरीकडं केलं. तीन तास म्हणाले होते, सहा लागले, कारण पहिल्या वेळची आतडी एकमेकांना चिकटून बसलेली, ती सोडवतानाच भोक पडायची भीती असते. खरा घोळ सहाव्या दिवशी झाला. नाडी १२० च्या वर, ताप किरकोळ, पोट टम्म. रात्रीचा स्टाफ म्हणला गॅस झालाय, चालवा त्यांना. सकाळी ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) पिशवीत हिरवट पिवळं पाणी, म्हणजे आतड्याचा जोड लीक. परत पोट उघडलं, तीन महिने पोटावर स्टोमाची पिशवी, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून संडास त्यात जमा करायची. ती रात्र गेली नसती तर काय झालं असतं माहीत नाही, पण मला अजून त्याचा राग येतो. तुम्ही ड्रेनचा रंग आणि नाडी रोज वहीत लिहा, नाडी वाढली की मोठ्या डॉक्टरलाच बोलवायला लावा, भांडण झालं तरी चालेल.

खर्चाचं म्हणाल तर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नोव्हार्टिस कंपनीला या गोळीचं पेटंट नाकारलं त्यामुळं जेनेरिक गोळी परवडते, ऑपरेशनला महात्मा फुले योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला, आधीच विचारून ठेवा. आतड्याचा शेवटचा भाग काढला तर बी१२ ची इंजेक्शनं लागतात, हे आम्हाला हातापायाला मुंग्या आल्यावर कळलं.

आई आता गोळी जेवणानंतर मोठा तांब्याभर पाणी पिऊन घेते. कडक भाकरी बंद आहे, शेंगाचटणी मात्र भातात कालवून खातेच, मी बघितलं की ताट फिरवते.