आईचं प्रकरण पुन्हा वाचा

चिनी आया आणि अमेरिकेत वाढलेल्या मुली हा विषय नवा असेल, तर लेखिका एमी टॅनच्या १९८९च्या 'द जॉय लक क्लब' या कादंबरीपासून सुरुवात करा. चार आया, चार मुली. नावांचा गोंधळ होतोच, जोड्या कागदावर लिहून ठेवा.

लगेच मुलीची बाजू घेऊ नका. बुद्धिबळात चमकणाऱ्या वेव्हर्लीला आई लिंडो बाजारात मिरवते, मुलीला लाज वाटते. तिथे राग आईचाच येतो. पण चीनमध्ये लहानपणीच ठरवलेल्या लग्नातून लिंडोने युक्तीने सुटका कशी करून घेतली, ते प्रकरण पुन्हा वाचा. दुसऱ्या एका आईने, सुयुआनने, तर युद्धात पळताना जुळ्या मुली मागे सोडल्या होत्या. तिने नंतरच्या मुलीला, जिंग-मेईला, पियानोपुढे बसवलं तो हट्ट मला अजूनही हलवतो.